फोन तुमचा, सेटिंग कंपनीचं : कस्टम रॉमचा जुना जुगाड आता अवघड का होत चाललाय?

जुलै २०२५ मध्ये मोबाइलच्या जगात दोन बातम्या पाठोपाठ आल्या.

पहिली बातमी गूगलच्या पिक्सेल ६ए या फोनची. काही फोन जास्त तापण्याचा धोका आहे असं सांगत गूगलने एक सक्तीचं अपडेट पाठवलं. ज्या फोनच्या बॅटरीची ४०० चार्ज सायकल पूर्ण झाली आहेत, त्या फोनची बॅटरी क्षमता आणि चार्जिंगचा वेग या अपडेटने कमी केला. बदल्यात बॅटरी मोफत बदलून देण्याचा किंवा भरपाईचा पर्याय कंपनीने ठेवला. पण रात्री झोपताना एक फोन होता आणि सकाळी उठल्यावर कमी टिकणारा फोन हातात आला, असा अनुभव अनेकांना आला.

दुसरी बातमी सॅमसंगची. वन यूआय ८ हे नवं सॉफ्टवेअर आलं आणि लोकांच्या लक्षात आलं की सेटिंगमधला 'ओईएम अनलॉकिंग' हा पर्याय गायब आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सॅमसंग फोनवर तो आधीपासूनच मिळत नव्हता. आता बाकी देशांतही तो काढल्याचं दिसलं.

वरवर पाहिलं तर दोन्ही बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन्हींत प्रश्न एकच आहे. फोन किती वेगात चालणार आणि बॅटरी किती तास टिकणार, हे ठरवणारं सॉफ्टवेअर नक्की कोणाच्या ताब्यात आहे? गेली पंधरा-सोळा वर्षं काही हौशी लोक म्हणत आले, आमच्या. त्यांच्या हत्याराचं नाव कस्टम रॉम.

कस्टम रॉम म्हणजे काय?

अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. कोणीही तो घ्यावा, बदलावा. फोन कंपन्या हेच करतात आणि वर आपली सजावट, आपली ॲप्स, आपल्या जाहिराती चढवतात. कस्टम रॉम बनवणारे तोच मूळ कोड घेऊन एखाद्या फोनसाठी स्वतंत्र, बहुतेक वेळा हलकीफुलकी आवृत्ती तयार करतात. ती फोनमध्ये टाकायची तर आधी बूटलोडरचं कुलूप काढावं लागतं. फोन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा आणि 'आत कोणाला येऊ द्यायचं' हे तपासणारा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. गावातल्या मोबाइल दुकानात 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणतात, त्यात कंपनीचंच सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं जातं. इथे सॉफ्टवेअरच दुसरं असतं.

या प्रकाराचं सगळ्यात गाजलेलं नाव सायनोजेनमॉड. स्टीव्ह काँडिक या प्रोग्रॅमरने २००९ मध्ये एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनसाठी ते सुरू केलं. त्याच वर्षी गूगलने नोटीस पाठवली, की आमची जीमेल, मॅप्ससारखी ॲप्स तुमच्या रॉममध्ये वाटू नका. तिथून एक पद्धत पडली ती आजही आहे. रॉम वेगळा, गूगलची ॲप्स वेगळी.

२०१३ मध्ये या हौसेची कंपनी झाली. २०१४ चा वनप्लस वन हा फोन सायनोजेनचं सॉफ्टवेअर घेऊनच विकला गेला. पण भारतात हेच सॉफ्टवेअर वापरण्याचे खास हक्क मायक्रोमॅक्सने आपल्या 'यू' ब्रँडसाठी घेतले होते. डिसेंबर २०१४ मध्ये प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि वनप्लसची भारतातली विक्री काही काळ थांबली. कंपनीचे सीईओ कर्ट मॅकमास्टर २०१५ मध्ये गूगलच्या हातून अँड्रॉइड काढून घेण्याची भाषा करत होते. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने आपला गाशा गुंडाळला. हौशी मंडळींनी तोच कोड उचलून लिनेजओएस नावाने काम पुढे नेलं. ते आजही सुरू आहे.

भारतात याचं वेड कुठून आलं?

रेडमी नोट ४ आठवतोय? जानेवारी २०१७ मध्ये ९,९९९ रुपयांपासून मिळायला लागलेला हा फोन त्या वर्षी भारतात तुफान खपला. अधिकृतपणे तो अँड्रॉइड ७ वर थांबला. बॅटरी धड, स्क्रीन धड, प्रोसेसर धड आणि सॉफ्टवेअर मात्र कायमचं जुनं. अशा वेळी 'मिडो' या त्याच्या सांकेतिक नावाखाली जगभरातल्या पोरांनी रात्री जागून रॉम बनवले आणि अँड्रॉइडच्या पुढच्या कितीतरी आवृत्त्या त्यावर चालवून दाखवल्या. २०१८ मध्ये २०,९९९ रुपयांना आलेल्या पोको एफ१ चंही तेच. या फोनचा बूटलोडर अनलॉक केला तरी वॉरंटी जाणार नाही, असं तेव्हा कंपनीच सांगत होती.

दहा हजारांचा फोन तीनऐवजी सहा वर्षं चालला, तर ज्याच्या घरात दर वर्षी नवा फोन येत नाही त्याच्यासाठी ती मोठी बचत असते. त्यामुळे याला निव्वळ टेक्नॉलॉजीचं खूळ म्हणून सोडून देता येत नाही.

पण फोन खरंच फास्ट होतो का?

होतो. फक्त लोक समजतात त्या कारणाने नाही.

प्रोसेसरला घाट चढणारी एसटी समजा. सपाटीवर वरचा गिअर, चढ आला की खालचा. गिअर कधी बदलायचा हे ड्रायव्हर ठरवतो. फोनमध्ये हे काम 'गव्हर्नर' नावाचा कोड करतो. बोट स्क्रीनवर पडलं की प्रोसेसरचा वेग किती वाढवायचा, किती वेळ तसा ठेवायचा आणि कधी खाली आणायचा, हे सगळं त्याच्या हातात. जुने गव्हर्नर आधी वाट बघायचे, काम साचलंय असं दिसलं की मग वेग वाढवायचे. २०१६ मध्ये लिनक्सच्या ४.७ आवृत्तीत 'शेडयुटिल' आला. कोणतं काम कोणत्या कोअरला द्यायचं हे ठरवणाऱ्या शेड्युलरकडूनच तो माहिती घेतो, म्हणून त्याचा अंदाज जास्त नेमका असतो.

आता कंपनीची अडचण बघा. तिला एकच सेटिंग लाखो फोनना द्यायचंय. त्यातले काही फोन नागपूरच्या मे महिन्यात चालणार, काही युरोपातल्या हिवाळ्यात. चिप तीच असली तरी प्रत्येक नगाचा दर्जा थोडा वेगळा. म्हणून कंपनी सगळीकडे सुरक्षित अंतर राखते. कस्टम कर्नल बनवणारा हे अंतर कमी करतो. तुमच्या एकाच फोनसाठी तो गिअर बदलण्याची वेळ ठरवतो, मोठ्या कोअरवरचं काम लहान कोअरवर ढकलतो, कधी व्होल्टेज उतरवतो.

व्होल्टेजचं गणित भुरळ पाडणारं आहे. चालू प्रोसेसरला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी केलं, तर वीज साधारण १९ टक्के कमी लागते. आकडा मोठा वाटतो. पण हे फक्त प्रोसेसरचं झालं, अख्ख्या फोनचं नाही. आणि जरा जास्त उतरवलं की फोन खिशातल्या खिशात रीस्टार्ट व्हायला लागतो.

बॅटरी खाणारे मोठे गिऱ्हाईक दुसरेच आहेत. एक स्क्रीन, दुसरा मोडेम. टॉवर लांब असलेल्या गावात फोन नुसता पडून असला तरी रेंज शोधत बॅटरी संपवतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. त्या मोडेमचं फर्मवेअर बंदिस्त असतं, कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय चालत नाही. त्यामुळे तुम्ही कोणताही रॉम टाका, मोडेमच्या आतला कोड तोच राहतो.

हार्डवेअरच्या मर्यादेचं उदाहरणही शाओमीच्याच घरात आहे. रेडमी नोट ३ ची बॅटरी ४०५० एमएएच, नोट ४ ची ४१००. जवळपास सारखीच. पण नोट ३ मधला स्नॅपड्रॅगन ६५० हा २८ नॅनोमीटरवर बनलेला, तर नोट ४ मधला ६२५ हा १४ नॅनोमीटरवर. बॅटरी टिकण्यात नोट ४ चं नाव झालं ते यामुळे. कारखान्यात पडलेला एवढा फरक कर्नलच्या दहा सेटिंग बदलून भरून निघत नाही.

मग रॉम बदलल्यावर बॅटरी जास्त टिकते असं इतके लोक का सांगतात? कारण नव्या रॉममध्ये काय आहे यापेक्षा काय नाही हे महत्त्वाचं असतं. फोन टेबलावर पडलेला असताना प्रोसेसर झोपायला हवा. पण कंपनीचं ॲप स्टोअर, जाहिराती आणणारी सेवा, थीमचं ॲप, वापराची माहिती गोळा करणारी सेवा, असं प्रत्येक जण त्याला थोड्या थोड्या वेळाने हलवून जागं करतो. या प्रकाराला वेकलॉक म्हणतात. अँड्रॉइड ६ मध्ये, म्हणजे २०१५ साली, गूगलने 'डोझ' आणून यावर बराच लगाम लावला. तरी फोनमध्ये आधीपासून असलेल्या सिस्टिम ॲप्सना सवलती मिळतातच. कस्टम रॉममध्ये उठवायला कोणी नसतं, म्हणून फोन शांत झोपतो. थोडक्यात, फायद्याचा मोठा वाटा ट्यूनिंगचा नसून साफसफाईचा असतो.

बाकी टेलिग्रामवर फिरणाऱ्या 'बॅटरी डबल' करणाऱ्या स्क्रिप्ट आणि रॅम साफ करणारी ॲप्स यांचा नाद सोडलेला बरा. रॅममधलं ॲप मारलं की पुढच्या वेळी ते पहिल्यापासून उघडावं लागतं. त्याला जास्त वीज जाते.

कंपन्या तरी प्रामाणिक असतात का?

छेडछाडीचा ठपका नेहमी रॉमवाल्यांवर पडतो. पण गुपचूप ट्यूनिंगचे गाजलेले किस्से कंपन्यांचे आहेत.

जुनी बॅटरी असलेले आयफोन आपण सॉफ्टवेअरने हळू करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. हेतू फोन अचानक बंद पडू नये हा होता आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरही होता. पण ग्राहकाला कोणी सांगितलंच नव्हतं. बॅटरी बदलून काम भागलं असतं तिथे अनेकांनी नवा फोन घेतला. २०२० मध्ये फ्रान्सने २.५ कोटी युरोंचा दंड केला, तर अमेरिकेत ॲपलने ५० कोटी डॉलरपर्यंतच्या तडजोडीला होकार दिला.

२०२१ मध्ये वनप्लस ९ आणि ९ प्रो हे फोन क्रोमसारख्या लोकप्रिय ॲप्सचा वेग दाबतात, पण बेंचमार्क चाचणीच्या ॲपला मोकळं सोडतात, असं उघड झालं. २०२२ मध्ये सॅमसंगच्या गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिसबद्दल तेच. गीकबेंचने वनप्लसचे हे दोन फोन आणि गॅलेक्सी एस१० पासून एस२२ पर्यंतच्या मालिका आपल्या यादीतून काढून टाकल्या.

वेग कमी करून बॅटरी वाचवणं वाईट नाही. उन्हाळ्यात ते चांगलंच. पण ते बटण वापरणाऱ्याच्या हातात असावं की नाही?

मग हा दरवाजा बंद का होतोय?

हुआवेने २०१८ मध्येच अनलॉक कोड देणं बंद केलं. शाओमीने हायपरओएस आल्यापासून नियम आवळले. खातं किमान ३० दिवस जुनं हवं, कम्युनिटी ॲपमधून अर्ज करायचा, परवानगी मिळाली तरी थांबायचं. एकेकाळी रॉमवाल्यांची लाडकी असलेली हीच कंपनी. मार्च २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडचं रोजचं काम बंद दाराआड नेलं. कोड खुला राहणार, पण आवृत्ती तयार झाल्यावरच मिळणार. जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला तेव्हा पिक्सेल फोनसाठी लागणाऱ्या डिव्हाइस फाइल्स त्यात नव्हत्या. रॉम बनवणाऱ्यांसाठी पिक्सेल हा सगळ्यात सोपा फोन होता, तोही आता कष्टाचा झाला.

सामान्य भारतीयाला यातलं काहीच जाणवणार नाही. त्याला जाणवणारं कुलूप वेगळं आहे, ते बँकेच्या ॲपमध्ये आहे.

गूगलची प्ले इंटिग्रिटी नावाची व्यवस्था आहे. ॲप तिला विचारतं, हा फोन विश्वासाचा आहे का? बूटलोडर उघडा असेल तर उत्तर बहुतेक वेळा 'नाही' येतं. मग बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उघडायचं की नाही हे ती संस्था ठरवते. अनेक जणी नकार देतात. आठ-दहा वर्षांपूर्वी हे चालून जायचं, कारण खिशात रोख असायची. आज चहाच्या टपरीपासून रेशनच्या दुकानापर्यंत क्यूआर कोड आहे. फोन १० टक्के फास्ट झाला आणि पेमेंट बंद पडलं, तर त्या वेगाचं करायचं काय?

यातून वाट काढायलाही लोक होतेच. जॉन वू याने बनवलेलं मॅजिस्क हे रूट करण्याचं साधन प्रसिद्ध आहे. त्यात बदल लपवण्याची सोय होती. २०२१ मध्ये वू गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा टीममध्ये गेला आणि ती सोय मूळ मॅजिस्कमधून निघाली. इतरांनी नव्या युक्त्या काढल्या. पण मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर ही तपासणी थेट हार्डवेअरच्या चिपमधून होऊ लागली. तिला फसवणं कठीण आहे, आणि आज जमलेली युक्ती पुढच्या महिन्यात बंद पडते.

कंपन्या आणि बँकांची बाजू खोटी नाही. उघड्या बूटलोडरचा फोन चोराच्या किंवा कोणाच्याही हातात थोडा वेळ पडला, तर सिस्टिममध्ये काहीही घुसवता येतं आणि मालकाला पत्ता लागत नाही. रूट केलेल्या फोनमध्ये एखाद्या वाईट ॲपला परवानगी गेली तर ते सगळंच वाचू शकतं. अनोळखी माणसाने बनवलेल्या रॉममध्ये काय भरलंय हे तपासणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या रोज येत असताना बँकेने सावध राहणं समजण्यासारखं आहे.

पण ही तपासणी बघते काय? अँड्रॉइड १३ पासून पुढच्या फोनवर सगळ्यात कडक निकालासाठी गेल्या वर्षभरातलं सुरक्षा अपडेट लागतं. त्याहून जुन्या अँड्रॉइडला ही अट नाही. म्हणजे कित्येक वर्षं एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला, पण कुलूपबंद असलेला जुना फोन तपासणीत पास होऊ शकतो. तोच फोन ताज्या सुरक्षा दुरुस्त्या असलेल्या लिनेजओएसवर चालवला तर नापास. इथे सुरक्षा कमी आणि शिक्का जास्त मोजला जातोय.

मग सामान्य माणसाने करायचं काय?

ज्या फोनवर बँक आणि यूपीआय आहे त्यावर हा प्रयोग करू नये. सॅमसंगमध्ये तर एकदा कस्टम सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्सचा फ्यूज कायमचा उडतो. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी सिक्युअर फोल्डर चालत नाही. बूटलोडर उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. अनेक फोनवर ओटीटीचं एचडी जातं, कंपनीच्या कॅमेऱ्याची करामत जाते. काही रॉमवर व्होएलटीई नीट चालत नाही, आणि जिओला २जी-३जी नसल्यामुळे व्होएलटीई गेलं की साधा कॉलही लागत नाही.

ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन असेल, तर मात्र खुशाल करा. आधी लिनेजओएसच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल आहे का बघा. नसेल तर अनोळखी टेलिग्राम ग्रुपवरून फाइल उचलू नका. मुलांचा अभ्यास, गाणी, हॉटस्पॉट, घरातला कॅमेरा, एवढ्याला तो अजून काही वर्षं चालेल. आणि रोजच्या फोनची बॅटरी उतरत असेल तर आधी ती तीन-चार वर्षं जुनी आहे का ते बघा. असेल तर नवी बॅटरी टाकणं हा कोणत्याही कर्नलपेक्षा भारी उपाय आहे. नको असलेली ॲप्स काढून किंवा निष्क्रिय करून कस्टम रॉमच्या फायद्यातला बराचसा हिस्सा कुलूप न तोडता मिळतो.

कायदा काय म्हणतो?

गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय. पण हे महागडे फोन झाले. युरोपियन युनियनने २० जून २०२५ पासून सगळ्याच स्मार्टफोनना नियम लावले. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट मिळायला हवेत आणि ८०० सायकलनंतरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरायला हवी.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. मे २०२५ मध्ये एका समितीने 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'चा अहवाल दिला. फोनच्या खोक्यावरच्या क्यूआर कोडवरून आणि विक्रीच्या जागी ग्राहकाला कळावं, की हा फोन दुरुस्तीला किती सोपा आहे, अशी ती कल्पना. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, हत्यारं, स्क्रू यांच्या जोडीला सॉफ्टवेअर अपडेटही गुण देण्याच्या निकषांत आहेत. अपडेट थांबल्यावर बूटलोडरची चावी मालकाला द्यायची का, हा मुद्दा त्या निकषांच्या यादीत नाही.